चालू हाय व्हय?

दुपारची झोप पातळ असते. मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवर रविवारी जेवून आडवी झाले, की खिडकीच्या गजांच्या सावल्या हळूहळू भिंतीवर चढायला लागतात, खाली गल्लीत कुणाची तरी मोटारसायकल दोनदा खोकून सुरू होते, आणि त्या अर्ध्यामुर्ध्या झोपेत मला आबांचा आवाज ऐकू येतो. शब्द कळत नाहीत. नुसता आवाज, लांबून, भरल्या बसच्या मागल्या सीटवरून आल्यासारखा. डोळे उघडावेत तर आबा समोरच खुर्चीत पेपर वाचत बसलेले, अगदी गप्प, गळ्याभोवती पांढरं सुती फडकं. मग आठवतं, की त्यांना आवाजच नाही. दीड वर्ष झालं, तरी ते मला रोज नव्यानं आठवावं लागतं.

आबा म्हणजे माझे वडील. एसटीत कंडक्टर होते, तीस वर्षं, त्यातली बरीचशी गडहिंग्लजच्या गाडीवर. आबांनी घरातून मला हाक मारली, की चौकातली दोन माणसं 'ओ' देतात, असं पेठेत म्हणायचे. सकाळची बुद्धवंदनासुद्धा ते अशी म्हणायचे, की खालच्या मजल्यावरच्यांना वेगळं घड्याळ लावावं लागत नव्हतं. घरात आम्ही तिघंच, आबा, आई आणि मी. मी हातकणंगल्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. आवाज आबांचा घेतला असता तर वर्गात बरं झालं असतं, पण मी घेतला त्यांचा राग.

आबांना प्रत्येक गोष्टीवर मत होतं, आणि ते ऐकून घेतल्याशिवाय सुटका नव्हती. चंद्रावर यान उतरलं त्या संध्याकाळी चहाच्या गाड्यावर टीव्ही लावला होता. सगळे टाळ्या पिटत होते आणि आबांच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं. पण चंद्राचे फोटो दिसायला लागले तसे म्हणाले, की आपल्या माणसांस्नी तिथं करमंल, खड्डं आयतंच हायत. ग्रुपवर कुणीतरी पाठवलं, की आज आकाशातून घातक किरणं येणार, फोन लांब ठेवा, तर यांचा सवाल, किरणांस्नी आपला नंबर कुणी दिला. मी विज्ञानाची बाई, मी त्यांना विश्वकिरण वगैरे समजावून सांगायला जायची. ते सगळं शांतपणे ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, तुझं बरोबर हाय, पण माझं बी चुकीचं न्हाय.

रीलबद्दल म्हणायचे, की माणूस एका मिनिटात रडतो, नाचतो आणि केसांचं तेल विकतो, त्याला घरी जेवायला कधी सवड मिळत असेल. सिरियलमधली सून झोपतानासुद्धा दागिने घालते याचा त्यांना खराखुरा राग होता. एक दागिना टोचला तर रात्रभर झोप येत नाही, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नाही म्हणजे त्यानं बायको कधी नीट बघितलीच नाही, असं त्यांचं म्हणणं. यावर आई पदरात तोंड लपवून हसायची.

आणि ती नकाशावाली बाई. एकदा पाहुण्यांच्या लग्नाला गडहिंग्लजच्या बाजूला निघालो होतो, चुलत्याच्या जीपमधून. फोनमधली बाई म्हणाली, दोनशे मीटरवर उजवीकडे वळा. आबा म्हणाले, अक्का, उजवीकडं ऊस हाय. तिकडच्या बायकांना ते अक्काच म्हणायचे, कानडी सीमेकडची सवय. चुलत्यानं बाईचं ऐकलं, आणि जीप उसाच्या बांधाला जाऊन टेकली. आबा खाली उतरले, बांधावरच्या माणसाला म्हणाले, काय पावणं, आणि दहा मिनिटांत आम्ही सगळे त्या अनोळखी माणसाच्या खोपटापुढं चहा पीत बसलो होतो. लग्न चुकलं, जेवण तेवढं सापडलं. परत येताना आबा फोनकडं बघून म्हणाले, हिला रस्तं ठावं हायत, माणसं ठावं न्हाईत. तो दिवस मला अजून स्वप्नात दिसतो. ऊस, ऊन आणि आबांचा तो मोकळा आवाज.

आता ज्याची मला लाज वाटते, ते सांगते.

मी सातवीत असताना शाळेत बक्षीस मिळालं, आणि बाईंनी आबांना दोन शब्द बोलायला उभं केलं. आबा खाकी कपड्यातच आले होते. माईक हातात घेऊन ते एवढंच म्हणाले, "माझी पोरगी लई हुशार हाय." पोरं फिदीफिदी हसली. घरी आल्यावर मी दप्तर आपटलं आणि त्यांना सांगितलं, की हाय नाही म्हणायचं, आहे म्हणायचं, चारचौघांत शुद्ध बोलता येत नसेल तर बोलू नका. आबा रागावले नाहीत. बरं म्हणाले. पुढं माझ्या शाळेत, कॉलेजात ते जेव्हा जेव्हा आले, तेव्हा कोपऱ्यात हात बांधून उभे राहायचे आणि हसून मान हलवायचे. त्यांचा स्वभाव शांत होत चाललाय, असं मला तेव्हा वाटलं होतं.

मग घरात नवा फोन आला. आबांच्या जाड बोटांना टायपिंग जमेना, म्हणून मी त्यांना बोलून लिहायला शिकवलं. माईकचं बटन दाबायचं, बोलायचं, अक्षरं आपोआप उमटतात. पण त्या फोनचं मराठी कुठल्या तरी दुसऱ्याच गावचं होतं. 'व्हय' म्हटलं की तो 'वय' लिहायचा. आणि 'हाय' म्हटलं की त्याला वाटायचं, हा माणूस इंग्रजीतून रामराम करतोय. एकदा आबांनी डब्याविषयी निरोप पाठवला, तो मला स्टाफरूममध्ये असा मिळाला: 'भाजी हाय! वय दोडक्याची हाय! भाकरी पण हाय!' प्रत्येक हायपुढं हात हलवणारं पिवळं चित्र. सगळ्या बाया लोटपोट झाल्या, आणि मीही. संध्याकाळी मी आबांना म्हणाले, 'आहे' म्हणत जा, मशीनला कळतं. आबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"मशिनीला शिकवायचं सोडून मलाच शिकवायलीस व्हय?"

मी हसत डबा धुवायला नेला.

त्यांचा आवाज बसला तो आधी आम्ही हसण्यावारीच नेला. तीस वर्षं 'पुढं सरका' म्हटलंय, बसणारच की. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झाला. मग डॉक्टर, मग मोठे डॉक्टर, मग तपासणीला घशातून काढलेला तुकडा. स्वरयंत्रात गाठ होती आणि ते अख्खं काढावं लागणार होतं. श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यायचा. बोलणं बंद. जीव वाचेल, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. आबांनी विचारलं, किती दिवस हायत. डॉक्टर दचकले, त्यांना वाटलं हे जगण्याचं विचारतायत. आबा आवाजाचं विचारत होते. ऑपरेशन अकरा दिवसांवर होतं.

तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता अशी अ‍ॅप निघाली आहेत, माणसाचा आवाज आधी साठवून ठेवला तर पुढं तो टाईप करेल ते फोन त्याच्याच आवाजात बोलून दाखवतो. विज्ञानावरचा माझा विश्वास त्या दिवशी जेवढा होता, तेवढा आधी कधी नव्हता. अकरा दिवसांत आबांचा आवाज वाचवायचा. गाठीचं डॉक्टर बघतील, आवाजाचं मी बघते, असं मी मनात ठरवूनच टाकलं.

दीडशे वाक्यं वाचायची होती. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन बघते तर आबा दाढी करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, वरचं बटन लावून खुर्चीत ताठ बसलेले, फोटो काढायला बसतात तसे. आई म्हणाली, अवो, आवाजाला शर्ट कशाला लागतोय. ते म्हणाले, कायमचं राहणार हाय ते. मी खिडकीत फोन ठेवला आणि बटन दाबलं. पडद्यावर पहिलं वाक्य आलं, 'कृपया मला एक पेला पाणी द्या.' आमच्या घरात पेला नाही, तांब्या आहे. तरी आबांनी घसा खाकरला आणि एकेक अक्षर तोलून वाचलं. हिरवी खूण आली. पुढचं वाक्य होतं, 'आज हवामान आल्हाददायक आहे.' आबा म्हणाले, आल्हाददायक हाय. लाल फुली. मी म्हणाले, परत.

पुढचे सात दिवस तेच. हाय म्हटलं की फुली आणि आहे म्हटलं की खूण. मी शेजारी बसून 'परत, परत' म्हणत होते, वर्गात म्हणते तशी. त्यांचा बसका आवाज दर वाक्याला थोडा झिजत होता आणि मला तेही दिसत नव्हतं, मला खुणा दिसत होत्या. पहिल्या दिवशीची वीस वाक्यं अ‍ॅपनं मधेच गिळली होती, ती दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून वाचावी लागली. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, म्हणून मी माझा जुना फोनही रेकॉर्डर चालू करून कपाटावर ठेवायला लागले. तो आबांना दिसत नव्हता. मीही पुढं विसरून गेले.

ऑपरेशन नीट झालं. आबा घरी आले, गळ्यात नळी, हातात माझी शाळेतली पाटी. महिनाभरानं जखम बरी झाल्यावर मी फोन त्यांच्या मांडीवर ठेवला. आईला स्वयंपाकघरातून बोलावलं नाही, म्हटलं अचानक ऐकू दे. आबांनी एका बोटानं सावकाश टाईप केलं आणि दाबलं.

"चहा मिळेल का?"

आवाज आबांचाच होता. तोच बसका, तोच खालच्या पट्टीतला. पण अगदी सपाट, अगदी नीटनेटका. आई हात पुसत बाहेर आली, खोलीत सगळीकडं बघितलं आणि मला म्हणाली, "कोण पावणं आल्यात?"

आबांनी दुसरं वाक्य टाईप केलं, हट्टानं, आपल्या पद्धतीनं: 'मी हाय.' फोननं आबांच्या आवाजात 'मी' म्हटलं आणि मग इंग्रजी शाळेतल्या पोरासारखं आनंदानं 'हाऽय!' केलं. एरवी आम्ही हसून मेलो असतो. आबांनी फोन पालथा घातला आणि पाटी घेतली.

मी चिडले. आता सांगायला लाज वाटते, पण त्या आजारी माणसावर मी चिडले. इतके दिवस रक्ताचं पाणी केलं, तुम्हाला कशाचं काही नाही, शिका जरा, सवय होईल. आबा माझ्याकडं बघत राहिले, आणि मग माझ्या शाळेत कोपऱ्यात उभं राहून हलवायचे तशीच, हसून मान हलवली. त्यानंतर तीन आठवडे त्यांनी फोनला हात लावला नाही. बुद्धवंदना आई एकटीच म्हणायची, बारीक आवाजात. घर इतकं शांत झालं, की कुकरच्या शिट्टीनंही दचकायला व्हायचं.

एका संध्याकाळी हातकणंगल्याच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत बसले होते. जुन्या फोनमधली जागा भरली, म्हणून काय काय पुसायचं ते बघताना त्या रेकॉर्डिंग हाताला लागल्या. म्हटलं, एकदा ऐकावं, चूक कुठं झाली ते तरी कळेल. कानात इअरफोनची बोंडं घातली. रुळांवर तिरपं ऊन पडलं होतं, पलीकडं रानात कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं आणि धूर जमिनीलगत तरंगत होता.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग आबा. "चालू हाय व्हय?"

मी जागच्या जागी वाकले. तेच होते ते. पुढं तोललेलं वाक्य, पेला पाणी द्या, तो परका माणूस. आणि वाक्य संपलं की पुन्हा हे, "झालं की." प्रत्येक वेळी असंच. वाक्याआधी 'चालू हाय व्हय?', वाक्यानंतर 'झालं की', मधे 'थांब जरा', 'ह्ये कुणी ल्हिलंय?', 'आई कुठं हाय तुझी?' अ‍ॅपनं नेमकं तेवढं कापून टाकलं होतं आणि बाकीचं जपून ठेवलं होतं. अ‍ॅपला कशाला नावं ठेवू, मीही तेच केलं होतं. सातवीपासून करत होते.

पाचव्या दिवशीची रेकॉर्डिंग लांबलचक होती. मी मधेच रिपोर्ट आणायला गेले होते आणि कपाटावरचा फोन तसाच चालू राहिला होता. दार लागल्याचा आवाज आला. बराच वेळ काही नाही, गल्लीतलं काहीबाही. मग आईचा आवाज, की जरा साधं बोला की अवो, बातम्या दिल्यासारखं काय बोलताय. आबांनी उसासा टाकला.

"पोरीला शुद्ध लागतंय. उद्या चार माणसांत माझा आवाज वाजवंल ती. तवा तिला लाज नगं वाटाय."

गाडी आली, दारं उघडली, माणसं चढली. मी बाकावरून उठले नाही. कानात आबांनी आईला विचारलं, इतकं हळू, की मला ते तीनदा मागं नेऊन ऐकावं लागलं.

"आवाज गेल्यावर मला वळखशील न्हवं?"

"म्या काय तुमच्या आवाजासंगं लगीन केलतं व्हय?"

त्यावर आबा हसले. ते हसणं मी किती वेळा ऐकलं, ते सांगत नाही. गाडी निघून गेली होती. मी बाकावर बसून ढसाढसा रडले, आणि एक बाई पाण्याची बाटली माझ्या शेजारी ठेवून काही न विचारता गेली.

ते बोलणं मी दोघांना ऐकवलं नाही. ते त्यांचं होतं. मी फक्त आबांसमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं, की कपाटावर फोन चालू होता, मी ऐकलंय, आणि माझं चुकलं, सातवीपासून चुकलं. आबांनी पाटी घेतली, लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. पाटीवर होतं: 'हुशार हायस. उशिरा कळतं एवढंच.'

त्या आठवड्यात मी त्या रेकॉर्डिंगमधून तुकडे काढले. 'व्हय.' 'न्हाय.' 'थांब जरा.' 'झालं की.' 'ह्ये कुणी ल्हिलंय?' एकूण चौदा निघाले. प्रत्येकाचं एक बटन करून फोनच्या पडद्यावर लावलं, मोठं, जाड बोटाला सापडेल असं. तो दुसरा, शुद्ध आवाज मी रागानं काढून टाकणार होते. आबांनी माझा हात धरला आणि पाटीवर लिहिलं, की त्याला राहू दे, भाईर जाताना इस्त्रीचा शर्ट लागतोच की. आता बँकेत आणि दवाखान्यात तो आवाज बोलतो. लोक अदबीनं ऐकतात, आबा गालात हसतात.

मतांचं म्हणाल तर चौदा शब्दांत माणसाला हवी तेवढी मतं मांडता येतात. सिरियलमधली सून दागिन्यांसकट झोपली, की आबा 'ह्ये कुणी ल्हिलंय?' दाबतात. मी विज्ञानाचं काही समजावायला लागले की 'थांब जरा'. ग्रुपवर किरणं येणार असली की 'न्हाय'.

आणि रोज सकाळी आबा फिरून आले, की जिन्याच्या वरच्या पायरीवर ते क्षणभर थांबतात आणि एक बटन दाबतात. मी बऱ्याचदा अजून अंथरुणात असते, धड जागी नसते, खिडकीतून कोवळं ऊन पायांवर आलेलं असतं. दारातून आवाज येतो, "चालू हाय व्हय?"

आणि स्वयंपाकघरातून आई म्हणते, "हाय की. या."